एकच निरोप सात वेळा

छंदासाठी जमलेल्या मंडळींच्या चर्चेत एखादा तिऱ्हाईत शिरतो आणि कर्जाची, केस उगवणाऱ्या तेलाची नाहीतर घरबसल्या कमाईची जाहिरात टाकून निघून जातो. हा उपद्रव आज फोन वापरणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. जगभर त्याला ‘स्पॅम’ म्हणतात. अशी जाहिरात पुसायची कोणी, कोणत्या नियमाने, आणि पुसताना चूक झाली तर काय करायचे, या प्रश्नांचा इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा गोळा करतो आहे.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही आणि इतिहासाचाही नाही. बारावीनंतर जव्हारला हिशेब लिहिण्याचे काम धरले आणि तेच करत आलो. वाचन मात्र सुटले नाही. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी वाचत गेलो, त्यातून हा नाद लागला. पण या विषयाकडे मी नुसत्या कुतूहलाने वळलो असे म्हणणे खोटे ठरेल. माझ्या हातून एक चूक झाली आणि ती कशी झाली याचा शोध घेता घेता मी दीडशे वर्षे मागे गेलो.

चूक अशी. झाडेझुडपे, रानभाज्या आणि पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या काही हौशी लोकांचे एक छोटे चर्चेचे पान आम्ही चालवतो. दोन-अडीचशे सभासद, आणि देखरेख करणारे आम्ही चौघे. आमच्या नोंदवहीतला सर्वांत आवडता विषय कारवीचा. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांतून एकदा एखाद्या उतारावरची सगळी झुडपे एकदम फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. वेगवेगळ्या डोंगरांचे वर्ष वेगवेगळे असू शकते. म्हणून कोणता उतार कोणत्या वर्षी फुलला ही नोंद महत्त्वाची. ती एकदा हुकली की पुढची संधी सात-आठ वर्षांनीच.

कोविडच्या आधीच्या एका पावसाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास मी पान उघडले. त्याच दिवशी नाव नोंदवलेल्या एका सभासदाने एकच निरोप सात वेळा टाकला होता. रोमन लिपीतले तोडके मराठी, एक लांबलचक लिंक, एक फोन नंबर आणि शेवटी ‘फोन करा’. आमचा नियम साधा होता : तोच मजकूर तीनपेक्षा जास्त वेळा आला तर पुसायचा आणि टाकणाऱ्याला बाहेर काढायचे. मी सातही निरोप पुसले, सभासदाला काढले आणि झोपलो. सगळ्याला मिळून एक मिनिटही लागले नसेल.

त्या मिनिटाकडे आपण शेवटी परत येऊ. त्याआधी हा ‘तीन वेळा’चा नियम माझ्या हातात आला कुठून, ते पाहायला हवे.

तार आणि कार्ड

नको असलेला निरोप संगणकाबरोबर जन्मला, असे आपण समजतो. तसे नाही. १८६४ च्या मे महिन्यात लंडनमधल्या काही प्रतिष्ठित लोकांच्या दारी संध्याकाळच्या वेळी तार आली. त्या काळी अवेळी तार म्हणजे काहीतरी गंभीर, असाच समज. उघडून पाहिले तर गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या वेळा! एका गृहस्थाने संतापून ‘टाइम्स’ला पत्र लिहिले आणि ते छापून आले. आपली ओळख नसताना, आपण मागितले नसताना, दुसऱ्याच्या धंद्यासाठी आपल्याला का उठवले, ही त्याची तक्रार. आजचीही तक्रार तीच आहे.

आपल्याकडे हा अनुभव पोस्टकार्डाने दिला. माझ्या पिढीच्या वाचकांना ती कार्डे आठवतील. वर देवाचे नाव, खाली मजकूर : हे पत्र मिळताच इतक्या जणांना लिहा, लिहिणाऱ्याला धनलाभ झाला, फाडणाऱ्याचे वाटोळे झाले. आमच्या घरी संतोषी मातेच्या नावाचे असे कार्ड आले तेव्हा आईचा त्यावर फारसा विश्वास नव्हता, पण ते फाडायचा धीरही झाला नाही. कार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळे. अकरा कार्डांचे एक रुपया पासष्ट पैसे झाले. शिवाय दोन दुपारी लिहिण्यात गेल्या.

हिशेबनीस म्हणून मला या प्रसंगात एक गोष्ट दिसते. कार्डाचा खर्च पाठवणाऱ्याच्या खिशातून जात होता. दंतवैद्यालाही तारेचे पैसे भरावे लागले होते. त्यामुळे असा उपद्रव आपोआप मर्यादेत राही. पुढे संगणकांच्या जाळ्यात हा खर्च उलटा झाला. एक निरोप पाठवा की एक लाख, पाठवणाऱ्याला जवळपास सारखेच. खर्च पडू लागला तो घेणाऱ्यावर : त्याचा वेळ, त्याची जागा, त्याचे लक्ष. स्पॅमचे सगळे अर्थशास्त्र या एका उलथापालथीत आहे. तंत्र कितीही बदलले तरी हे गणित बदललेले नाही.

डबाबंद मांस आणि एक फसलेले यंत्र

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवले. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप. ते सरकारी पैशावर संशोधनासाठी चाले, तिथे धंद्याची जाहिरात अपेक्षित नव्हती. बरीच ओरड झाली. या प्रकाराला तेव्हा ‘स्पॅम’ हे नाव मात्र नव्हते.

हे नाव खरे तर डब्यात मिळणाऱ्या मांसाचे. होर्मेल या अमेरिकन कंपनीने ते १९३७ साली बाजारात आणले. १९७० साली माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींनी दूरदर्शनवर एक प्रहसन केले. त्यातल्या खानावळीत प्रत्येक पदार्थात स्पॅम असते, आणि शेजारच्या टेबलावरची टोळी त्याच शब्दाचे गाणे इतक्या मोठ्याने म्हणते की बाकीच्यांचे बोलणे ऐकूच येत नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ओरडून दुसऱ्यांचा संवाद बुडवणे, हा अर्थ तिथून आला.

जिथे हा शब्द रुळला ती जागा म्हणजे ‘यूजनेट’. १९८० च्या सुमारास सुरू झालेले हे चर्चागटांचे जाळे. स्वयंपाक, बागकाम, रेल्वे, क्रिकेट, गणित, असा प्रत्येक आवडीचा स्वतंत्र गट. मालक कोणी नाही. या जाळ्यावरची एक हकिगत मला फार बोलकी वाटते. ओहायोतल्या रिचर्ड डेप्यू यांनी नको असलेले निरोप नंतर आपोआप काढून टाकणारा एक प्रोग्रॅम लिहिला. ३१ मार्च १९९३ रोजी त्यात बिघाड झाला. प्रोग्रॅम आपल्याच निरोपांना उत्तरे देत सुटला आणि एका गटात सुमारे दोनशे निरोप ओतून मोकळा झाला. लोकांनी त्या पुराला ‘स्पॅम’ म्हटले. यूजनेटवर हा शब्द अशा रीतीने वापरला गेल्याच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध उदाहरणांत हे गणले जाते. म्हणजे राखणदारानेच शेत तुडवले, आणि नाव रुळले ते त्या तुडवण्यावरून.

हिरव्या कार्डाची सोडत

यूजनेटवर भारतीयांचेही गट होते. ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन’ हा मोठा गट, आणि मराठी मंडळींसाठी त्याच नावापुढे ‘मराठी’ जोडलेला वेगळा गट. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. त्यामुळे आधीच्या काळात इथे लिहिणारे बहुतेक अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारे विद्यार्थी आणि तिथे नोकरीला गेलेले अभियंते. देवनागरी उमटवण्याची सोय नव्हती, म्हणून मराठी रोमन लिपीत लिहायचे. त्या लिपीत त्यांनी नाटकांवर वाद घातले, पुरणपोळीच्या कृती दिल्या, गणपतीच्या आरत्या उतरवून घेतल्या.

१२ एप्रिल १९९४ रोजी अॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीनकार्ड सोडतीचा अर्ज भरून देण्याची जाहिरात यूजनेटच्या साडेपाच हजारांहून अधिक गटांत टाकली. ती बागकामाच्या गटात गेली, संगणकी भाषांच्या गटात गेली. गंमत म्हणजे कोणत्या देशांत जन्मलेल्यांना ही सोडत बंद आहे याची यादी जाहिरातीतच होती, आणि तिच्यात भारताचे नाव होते. भारतीय वाचकाला त्या निरोपाचा काडीचा उपयोग नव्हता, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक होते. पण वगळण्याचे कष्ट घेण्यापेक्षा सगळीकडे टाकणे स्वस्त होते.

लोक इतके भडकले की त्यांच्या संतप्त पत्रांनी त्या वकिलांना सेवा देणाऱ्या कंपनीचा संगणकच कोलमडला. कंपनीने त्यांचे खाते बंद केले. नॉर्वेतल्या एका प्रोग्रॅमरने त्यांच्या जाहिराती शोधून रद्द करणारा प्रोग्रॅम लिहिला. वकिलांना पश्चात्ताप झाला नाही. उलट या मार्गाने पैसा कसा कमवावा यावर त्यांनी पुस्तक काढले.

वाचायचे नाही, मोजायचे

आता खरा प्रश्न उभा राहिला. निरोप रद्द करण्याची कळ हाती आली, पण ती केव्हा दाबायची? आज जाहिरात रद्द केली, उद्या न पटणारे मत रद्द केले तर? मालक नसलेल्या जागेत हा प्रश्न फार नाजूक होता.

यूजनेटच्या जुन्या जाणत्यांनी यावर जो तोडगा काढला तो मला आजही थक्क करतो. त्यांनी ठरवले की मजकूर वाचायचाच नाही, फक्त प्रती मोजायच्या. निरोपात देव असो, धंदा असो की राजकारण, तो किती वेळा टाकला एवढेच पाहायचे. सेठ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक यासाठी वापरात आला. त्याचा हिशेब असा : प्रत्येक प्रत किती गटांत टाकली त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि सगळ्या प्रतींची वर्गमुळे मिळवायची. एकच प्रत नऊ गटांत जोडून टाकली तर निर्देशांक तीन. तोच मजकूर वीस गटांत वीस वेगळ्या प्रतींनी टाकला तर वीस. ४५ दिवसांत बेरीज वीसवर गेली की निरोप रद्द करण्यायोग्य.

यात मोठा न्याय होता. कोणाच्या मतावर हात पडत नव्हता. आकडा कोणालाही तपासून पाहता येत होता. यूजनेट मागे पडले तरी ही कल्पना टिकली आणि एकच मजकूर पुन्हा पुन्हा आला की संशय घ्यायचा, हा नियम पुढच्या असंख्य चर्चास्थळांनी उचलला. आमचा ‘तीन वेळा’चा नियम त्याचाच दूरचा नातू. तो मी कुठल्या तरी इंग्रजी मार्गदर्शिकेतून उतरवून घेतला होता. त्याचे कुळ मला तेव्हा माहीत नव्हते.

पुढे इतर उपाय आले. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन प्रोग्रॅमरने स्पॅमवरचा आपला आराखडा प्रसिद्ध केला. अठराव्या शतकातले इंग्लिश पाद्री थॉमस बेज यांच्या संभाव्यतेच्या गणिताचा आधार घेऊन त्याने पत्रातल्या शब्दांना गुण दिले. स्पॅममध्ये कोणता शब्द किती वेळा येतो आणि खऱ्या पत्रात किती वेळा, हे यंत्राने आपल्या आपण शिकायचे. त्याच्या यंत्राने शोधून काढले की भडक लाल रंगाचा संकेत हा स्पॅमचा पक्का पुरावा आहे. माणसाच्या हे लक्षात आले नसते. २००३ च्या सुमारास ‘कॅप्चा’ आला : वेडीवाकडी अक्षरे ओळखा आणि आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करा. जानेवारी २००५ मध्ये गूगलने लिंकला लावायची एक खूण जाहीर केली. चर्चेत कोणीही टाकलेल्या लिंकला ती लावली की शोधयंत्रात त्या लिंकचे वजन वाढत नाही, म्हणजे लिंक पेरणाऱ्याचा फायदाच काढून घ्यायचा. माझ्या मते हा उपाय सर्वांत शहाणा होता, कारण तो मुळातल्या गणिताला हात घालतो.

मराठी अंगण

१९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत ‘मायबोली’ सुरू झाली. पुढे ‘मनोगत’, ‘उपक्रम’, ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ अशी मराठी चर्चास्थळे उभी राहिली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाची सुरुवात झाली. पाककृती, बागकाम, भटकंती, छायाचित्रण, गझल, असे छंद घेऊन लोक इथे जमले. कुठे प्रशासक, कुठे ॲडमिन, कुठे संपादक मंडळ अशा वेगवेगळ्या नावांनी काही माणसे कुंपणावर उभी राहिली. यांपैकी कितीतरी जणांनी नोकरी-संसार सांभाळून, बिनमोबदला, रात्री जागून हे काम केले. त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही, कारण त्यांचे काम चांगले झाले की दिसतच नाही. वाचकाला स्वच्छ पान दिसते आणि तो पुढे जातो.

मराठी स्थळांना एक नैसर्गिक संरक्षण मिळाले होते. परदेशी जाहिरात रोमन लिपीत येई आणि देवनागरी पानावर पांढऱ्या धोतरावरच्या डागासारखी लांबूनच दिसे. अंगठ्याने सरकवतानाही ओळखू येई. पण या सोयीने एक वाईट सवय लावली. रोमन लिपीत अनोळखी माणसाने लिहिले की तो स्पॅमवाला, असा ग्रह नकळत मनात बसला. ज्या पिढीने यूजनेटवर स्वतः रोमन लिपीत मराठी संसार मांडला होता, तिच्या वारसांनी रोमन मराठीकडे संशयाने पाहावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा. आता यंत्राने भाषांतर केलेली जाहिरात देवनागरीतही येते, त्यामुळे ते संरक्षणही उरलेले नाही.

जिथे कुंपणावर कोणी उरले नाही, तिथे काय होते? यूजनेटच्या जुन्या गटांचा साठा गूगलने २००१ साली विकत घेऊन सर्वांना खुला केला होता. मी तो रात्र-रात्र चाळला आहे. सुरुवातीच्या वर्षांत माणसांचा आवाज येतो. पुढे पुढे जाहिरातींचा थर जाड होत जातो. अखेर २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटवर नवे लिहिण्याची सोय बंद केली. खऱ्या वापरात झालेली घट आणि स्पॅमचा बुजबुजाट, ही कारणे कंपनीने दिली. जुने लेखन पाहता येते, म्हणजे गाव उठले पण घरे उभी आहेत.

फॉरवर्डचे दिवस

मोबाइल आला तेव्हा हाच प्रश्न घराघरांत शिरला. जाहिरातींच्या एसएमएसला आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०११ पासून एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि ओरड झाल्यावर ती २०० केली. म्हणजे पुन्हा मोजणीच. ही मर्यादा सामान्य माणसालाही लागू झाली, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी एसएमएसपुरती ती रद्द केली. नको असलेल्या जाहिरातींची तक्रार आजही १९०९ या क्रमांकावर करता येते.

मग व्हॉट्सॲप आले. पक्षिनिरीक्षकांच्या गटात सकाळी पक्ष्याआधी ‘शुभ सकाळ’चे गुलाब उगवू लागले. हा उपद्रव सौम्य होता. पण त्याच वाटेने विषारी निरोपही गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. तरी १६ एप्रिल २०२० रोजी आमच्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवांच्या दिवसांत दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाकडून मारले गेले. स्पॅम आणि अफवा एक नव्हेत. पण दोन्हींचे बळ एकच : प्रत काढायला काही लागत नाही. म्हणून मोजणीचा उपाय मी टाकाऊ मानत नाही. तो हवाच.

कुंपणावरच्या माणसाची जबाबदारी किती, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला. २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की गटातल्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही. सदस्य घेणे आणि काढणे एवढीच त्याची सत्ता. वाचून आम्हा चौघांना हायसे वाटले. पण ‘काढणे एवढीच सत्ता’ हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. ती एवढीशी सत्ताही मी कशी वापरली होती, ते मला तोवर कळले होते.

सूर्यमाळ

सूर्यमाळ हे मोखाडा तालुक्यातले उंचावरचे गाव. पावसाळ्यात धुके खाली उतरते तेव्हा दहा पावलांवरचे दिसत नाही. नाचणी-वरईची शेती, आणि दिवाळीनंतर कामासाठी वसई-भिवंडीकडे निघणारी कुटुंबे, हे या सगळ्या पट्ट्याचे चित्र. मोबाइलची रेंज आजही सगळीकडे सारखी नाही. एखाद्या खडकावर एक रेघ मिळते, दोन पावले सरकले की जाते.

कोविडनंतरच्या एका मंगळवारी खोडाळ्याला ओळखीच्या एका शिक्षकांनी मला एका तरुणाची ओळख करून दिली. ‘हे झाडांचं लिहितात,’ असे ते माझ्याबद्दल म्हणाले. त्याने आमच्या पानाचे नाव विचारले. मी सांगितले. तो जरा थांबला आणि म्हणाला, “काका, त्यात मी एकदा कारवी टाकली होती. पण मला काढलं तुम्ही.”

मग सगळे उलगडले. अकरावीत असताना गुरे शोधायला गेलेल्या या मुलाला सूर्यमाळच्या खालच्या अंगाला एक अख्खा उतार फुललेला दिसला. त्याने फोटो काढले. कोणाकडून तरी आमचे पान कळले. संध्याकाळी भर पावसात तो रेंजच्या खडकावर गेला. फोटो चढेनात, म्हणून एका फुकट साठवणीच्या जागी ते कसेबसे ठेवून त्याची लिंक घेतली. फोनमध्ये मराठी अक्षरे नव्हती, म्हणून रोमन लिपीत लिहिले. कोणाला जागा पाहायची असेल तर वाट दाखवायला म्हणून नंबर दिला. बटण दाबले, तर पान नुसते फिरत राहिले. गेले नाही असे वाटून पुन्हा दाबले. असे सात वेळा.

म्हणजे जे जे स्पॅमचे लक्षण म्हणून मी शिकलो होतो, ते ते सगळे रेंज नसलेल्या गावातल्या खऱ्या निरोपाचे लक्षण होते. प्रती मोजणारा नियम कोणाचे मत पाहत नाही, म्हणून तो निष्पक्ष, असे मी मानत होतो. पण ज्याचा निरोप एका दाबण्यात जातो आणि ज्याला सात वेळा दाबावे लागते, त्या दोघांना तो सारखा नाही.

“मला वाटलं, माझं मराठी चुकलं म्हणून काढलं,” तो म्हणाला. याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी माफी मागितली. तो हसून ‘जाऊ द्या’ म्हणाला, पण त्यानंतर त्याने कुठे काही लिहिले नाही, हेही त्यानेच सांगितले. तो फोन पुढे बिघडला. फुकट साठवणीची लिंक केव्हाच मेली होती. सह्याद्रीत कारवीच्या भाऊबंदांच्या अनेक जाती आहेत आणि त्यांची फुलण्याची चक्रे वेगवेगळी. फोटोशिवाय त्या उतारावरची जात कोणती हे ठामपणे लिहिता येत नाही. आमच्या वहीत ती ओळ कोरी आहे.

पुढच्या पावसाळ्यात तो मला तिथे घेऊन गेला. नवी झुडपे कमरेइतकी उंच, हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही. त्यांना अजून अवधी आहे.

आता आम्ही काय करतो

नियम आम्ही मोडीत काढलेला नाही. प्रती मोजतोच, कारण त्याशिवाय पान चालणार नाही. पण चार गोष्टी बदलल्या. पहिली, नव्या सभासदाचा संशयास्पद निरोप पुसायचा नाही, बाजूच्या पेटीत ठेवायचा. दुसरी, एकच मजकूर अनेकदा आला तर एक प्रत राखायची आणि ती पूर्ण वाचायची. माणूस एकाच ठिकाणी सात वेळा दाबतो, जाहिरातवाला सात ठिकाणी एकेकदा टाकतो, एवढा फरक डोळसपणे पाहिला तरी पुरतो. तिसरी, काढताना कारणाची एक ओळ मराठीत पाठवायची. खरा स्पॅमवाला ती वाचत नाही, त्यामुळे त्यात आपले काही जात नाही. ज्याला ती लागते त्याला मात्र आपले मराठी चुकले असे वाटत राहत नाही. चौथी, रात्री झोपेच्या डोळ्यांनी कोणाला बाहेर काढायचे नाही. सकाळपर्यंत जाहिरात राहिली तर राहिली.

नाचणीच्या शेतात निंदणी करणाऱ्या बायका सांगतात की रानातली नाचणी कोवळेपणी खऱ्या नाचणीसारखीच दिसते. घाई केली तर पीकच उपटले जाते. म्हणून त्या निंदायचे सोडत नाहीत, फक्त खाली वाकून बघतात.

ही दिवाळी साफसफाईची. अडगळ टाकताना आपण ढिगातून एकदा हात फिरवतोच, एखादा जुना कागद, एखादी चांदीची वाटी चुकून जाऊ नये म्हणून. वाचकांपैकी जे कोणी वाचनकट्ट्याचा, बागेचा, भटकंतीचा, नाण्यांचा एखादा गट चालवत असतील, त्यांना एवढीच विनंती : आपण बाजूला टाकलेले निरोप या सुट्टीत एकदा उघडून पाहा. बहुतेक सगळी कर्जे आणि तेले निघतील. पण कुणाची तरी फुललेली कारवी त्यात असू शकते.